आयुक्त साहेब, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर नुसता डांबराचा नवा थर नको

मा. आयुक्त साहेब, मुंबई महापालिका,
नमस्कार.

मी बोरिवलीला राहतो, नोकरी अंधेरीला, त्यामुळे रोज जाऊन येऊन स्कूटरवर हाच रस्ता. आम्ही त्याला नुसतं हायवे म्हणतो. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचे हे साधारण 25 किलोमीटर 2022 च्या शेवटी एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पालिकेकडे आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, वाटलं रस्ता एकाकडे आणि त्याच्या कडेचं गटार दुसऱ्याकडे ही भानगड आता संपेल.

म्हणून हात जोडून एकच मागणं आहे साहेब, हा रस्ता वरवर गुळगुळीत करू नका, मुळातून दुरुस्त करा. जुना थर खरवडून न काढता त्याच्यावरच नवीन डांबर टाकत गेलं की रस्ता दरवेळी दोन बोटं वर येतो, कडेच्या गटाराच्या जाळ्या खाली जातात, डिव्हायडर बुटका होत जातो, पाण्याला उतार राहत नाही मग ते रस्त्यावरच साचतं, आणि डांबराचा खरा शत्रू पाणीच, खडी सुटते ती त्याच्यामुळे. म्हणजे खड्ड्याचं औषध आधी गटारात शोधायला पाहिजे.

दुसरं म्हणजे पूल. नव्वदच्या दशकात मुंबईसाठी 55 उड्डाणपुलांची योजना आली, तेव्हाच्या पुलांना आता पंचवीसेक वर्षं झाली. पुलाच्या दोन गाळ्यांमधल्या जॉइंटचं रबर कायम टिकत नाही, गाळा ज्यावर टेकतो ती बेअरिंगही बदलावीच लागतात आणि त्यासाठी पुलाचा गाळा जॅकने उचलावा लागतो, हे काम एका रात्रीत होणारं नाही हे मान्य आहे. पण खराब जॉइंटवर पुढच्या गाडीने ब्रेक मारला की मागचा बाईकवाला पावसात कुठे जाणार? ट्रॅफिक वळवा, आधी नीट सांगा, लोक सहन करतील. मी तरी करीन.

आणि सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते चालणाऱ्यांबद्दल. जानेवारी 2023 पासून मेट्रो 7 दहिसर ते गुंदवली पूर्ण धावतेय, ती याच हायवेवरून जाते, म्हणजे आता हा गावाबाहेरचा हायवे राहिलेलाच नाही, मागाठाणे, पोईसर, कुरार, दिंडोशी सगळीकडे माणसं त्याच्या कडेने चालतात. माझी आई गुडघेदुखीची, ती मेट्रोने आरामात जाते पण जिना उतरली की पुढच्या दोनशे पावलांची तिला भीती वाटते कारण एका बाजूला रिक्षांची रांग, दुसऱ्या बाजूला पार्क केलेल्या गाड्या, मधून बस. मध्येच तुटणारे सर्व्हिस रोड सलग जोडा, सरळ फूटपाथ करा (पेव्हर ब्लॉक नकोत, ते खचतात आणि म्हातारी माणसं अडखळतात), बससाठी आत घेतलेली जागा ठेवा. लेन वाढवायच्या तर नंतर बघू.

खोदकाम पाऊस संपला की ऑक्टोबरमध्येच सुरू करा साहेब. पावसाळ्याआधी कामं संपवायची 31 मे ची मुदत गाठायला एप्रिलमध्ये खोदलं तर भरलेली माती बसायच्या आधीच पाऊस येतो, आणि पहिली कामं त्या गटाराच्या जाळ्यांची घ्या.

आपला,
एक बोरिवलीकर