पेंटरकाका, तो डाग तुमचा

पेंटरकाका, सा. न. वि. वि.

परवा माझ्या नव्या चित्रपटाची श्रेयनामावली पाहिली. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ आणि खाली माझं एकटीचं नाव. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

गोरेगावच्या चित्रनगरीतला तो चाळीचा सेट आठवतो? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कला दिग्दर्शन शिकून आलेली मी, सहायकांत सगळ्यात धाकटी. प्लायच्या पोपटी भिंती जुन्या करायचं काम माझ्याकडे. चहाचं पाणी, गेरू, काळपट रंग, सगळं स्पंजानं सारखं थोपटत सुटले होते. तुम्ही मागून विचारलंत, “ताई, हितं ऱ्हातंय कोण?”

मला सांगता येईना.

“मग मळ कुनी केला?”

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं, कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतवला, हे मला पाठ होतं. परीक्षेपुरतं. तुम्ही मात्र खाटेवर स्वतः बसलात, डोकं भिंतीला कुठं टेकतं ते पाहिलंत आणि नेमका तिथंच तेलकट डाग उमटवलात. बटणांभोवती बोटांचे ठसे, स्टोव्हच्या वर काजळी, खिडकीच्या कोपऱ्यांतून पावसाचे ओघळ. जुन्या कॅलेंडराच्या जागी मूळ पोपटी चौकोन तेवढा स्वच्छ ठेवलात. वर खिळाही ठोकायला लावलात.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं काम करणारे नट आले, खाटेवर बसले आणि कुणी न सांगता त्यांनी डोकं त्या डागावर टेकवलं. पडद्यावर तो डाग दोन सेकंद दिसतो, तोही धूसर. असो.

कोल्हापुरात तुम्ही थिएटरांचे बॅनर रंगवायचात. फ्लेक्स आलं आणि ब्रश घेऊन मुंबई गाठलीत. “आमी बाबूराव पेंटरांच्या गावचं,” असं ऐटीत सांगायचात. त्यांनीही सिनेमे काढण्याआधी नाटकांचे पडदेच रंगवले होते, तेव्हा ऐट शोभायची. त्या निर्मात्यानं तुमचे शेवटचे पैसे बुडवले, तरी पुढच्या सेटवर मला हात द्यायला आलात.

पुढच्या महिन्यात एक वाडा उभा करतेय. याल ना? पैसे आगाऊ देते. आणि या वेळी तुमचं नाव पडद्यावर येणार. ते नीट लिहून कळवा. इतकी वर्षं ‘पेंटरकाका’च म्हणत आले, पूर्ण नाव कधी विचारलंच नाही.

तुमची,
सेटवरची धाकटी ताई