साडेचार रुपयांचा प्रश्न : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मोठ्या प्रकल्पांची प्रोत्साहने ठरवताना भारतीय स्पर्धा आयोगाचा अभिप्राय घेण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

एका हिशेबाने सुरुवात करतो. चाकणला दोन कारखाने आहेत असे धरा. दोघेही एकाच वाहन कंपनीला एकच सुटा भाग पुरवतात. करापूर्वी किंमत १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे राज्याच्या वाट्याचा एसजीएसटी ९ रुपये. पहिल्याकडे नव्या गुंतवणुकीला अनुदान देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचे पात्रता प्रमाणपत्र आहे आणि एकूण एसजीएसटीच्या ५० टक्के अनुदान मंजूर आहे. त्याला नगामागे साडेचार रुपये परत मिळतात, दुसऱ्याला काहीच नाही. सुट्या भागांच्या धंद्यात खरेदी विभाग दरवर्षी भाव उतरवून मागतो आणि पन्नास पैशांवरून ऑर्डर हातची जाते, हे आपल्या खात्याला सांगायला नको.

हे अनुदान एकूण करावर मोजायचे की निव्वळ करावर, यातच खरी मेख आहे. त्या भागासाठी ७० रुपयांचा कच्चा माल राज्यातूनच घेतला असेल, तर ६ रुपये ३० पैसे इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे कच्च्या मालावर आधीच भरलेल्या कराच्या वजावटीतून, वळते होतात आणि कारखाना एसजीएसटीपोटी रोख भरतो फक्त २ रुपये ७० पैसे. एकूण करावर ५० टक्के दिले, तर भरले २.७० आणि मिळाले ४.५०. निव्वळ करावर तेच ५० टक्के म्हणजे १ रुपया ३५ पैसे. शासन निर्णयातला एक शब्द बदलला की नगामागचा फायदा तिपटीहून जास्त बदलतो. शिवाय एसजीएसटी लागतो तो राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालावर. माल गुजरातेत साणंदला किंवा तमिळनाडूत होसूरला गेला की आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा कर. त्यामुळे नावाला हे कारखाना उभारण्याचे प्रोत्साहन असले, तरी प्रत्यक्षात पैसे मिळतात ते महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला माल विकल्याबद्दल. भोसरीचा जुना पुरवठादारही त्याच गिऱ्हाइकाच्या दारात उभा असतो.

पुण्यात याला आणखी एक पीळ आहे. उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर न्यावेत म्हणून १९६४ मध्ये ही योजना सुरू झाली, आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचा विकसित पट्टा अ गटात ठेवून मागास तालुक्यांना जास्त देणे रास्तच आहे. पण गुंतवणुकीचा किंवा रोजगाराचा ठरावीक आकडा ओलांडला की प्रकल्प मेगा ठरतो आणि त्याचे पॅकेज वेगळे बसून ठरवले जाते. अ गटातल्या छोट्याला नियमाने थोडे आणि मोठ्याला वाटाघाटीने भरपूर, असा त्याचा अर्थ होतो.

दुसऱ्या कारखान्याने तक्रार करायची म्हटली तर कुठे करायची? स्पर्धा कायदा, २००२ चे कलम ३ संगनमताच्या करारांचे, कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराचे, कलम ५ आणि ६ विलीनीकरण-अधिग्रहणाचे. अनुदान हा यातल्या कुठल्याच कलमाचा विषय नाही. अनुदान देताना शासन काही विकत नसते, म्हणून त्याला कायद्यातल्या ‘उपक्रम’ या व्याख्येत बसवणेही अवघड. उरतो अनुदान घेणारा कारखाना. तो खर्चाखाली विकतो अशी कलम ४ खाली माहिती दाखल करता येईल, पण त्याआधी तो त्या बाजारात वर्चस्वात आहे हे दाखवावे लागेल. नवा कारखाना पहिल्या दिवशी वर्चस्वात नसतोच, त्यामुळे प्रकरण कलम २६(२) खाली बंद होण्याची शक्यता जास्त. वर्चस्व ठरवण्याच्या कलम १९(४) मधल्या घटकांत ‘प्रतिस्पर्ध्यांपेक्षा असलेले व्यापारी फायदे’ असा एक घटक आहे आणि त्यात अनुदान बसवता येईल. तोवर दुसऱ्या कारखान्याचे शटर खाली आलेले असेल, एवढेच.

राज्यघटनेचा दरवाजाही अरुंद आहे. अनुच्छेद ३०४(अ) बाहेरच्या मालावर भेदभावाचा कर लावू देत नाही, पण नव्या उद्योगांना ठरावीक मुदतीच्या करसवलती सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात पूर्वीच मान्य केल्या. आणि एकाच राज्यातल्या दोन कारखान्यांच्या भांडणात हा अनुच्छेद मुळात येतच नाही.

युरोपीय संघाने हे काम स्पर्धा कायद्याच्याच चौकटीत घेतले आहे. तिथल्या करारातले अनुच्छेद १०७ ते १०९ सदस्य देशांच्या सरकारी मदतीवर लगाम ठेवतात. एका उपक्रमाला तीन वर्षांत ३ लाख युरोपर्यंतची मदत किरकोळ मानली जाते. त्यावरची मदत ठरलेल्या सूट-नियमांत बसवावी लागते, नाहीतर आधी युरोपीय आयोगाची परवानगी लागते. परवानगीविना बेकायदा दिलेली मदत व्याजासह वसूल होते. आयर्लंडने अॅपलकडून १३ अब्ज युरो वसूल करावेत, यावर युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. तिथे इमारत-यंत्रांसाठीची एकरकमी मदत आणि नगामागे किंवा विक्रीमागे चालू राहणारी मदत यांत फरक करतात, आणि दुसरीला सहसा दार बंद असते. आपली एसजीएसटीवरची मदत मोजली जाते ती दुसऱ्या पद्धतीने.

तिकडचे नियम तिकडे, असे म्हणून आता भागत नाही. परकीय अनुदान विनियमन तिथे जुलै २०२३ पासून लागू आहे. एखाद्या गटाला युरोपात कंपनी घ्यायची असेल, घ्यायच्या कंपनीची तिथली उलाढाल किमान ५० कोटी युरो असेल आणि व्यवहारातल्या पक्षांना मागच्या तीन वर्षांत युरोपबाहेरच्या सरकारांकडून मिळून ५ कोटी युरोंहून जास्त आर्थिक साहाय्य मिळालेले असेल, तर आधी कळवावे लागते. मंजुरीपर्यंत व्यवहार पुरा करता येत नाही. प्राथमिक तपासणी २५ कामकाजी दिवस, सखोल तपासणी आणखी ९०. नियम मोडला तर दंड उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत. यातले ‘सरकार’ म्हणजे फक्त दिल्ली नव्हे, महाराष्ट्र शासनही. चाकण-रांजणगावात ज्या युरोपीय गटांचे कारखाने आहेत, त्यांना मिळणारे अनुदान, मुद्रांक शुल्क माफी, वीज शुल्क माफी, सवलतीची जमीन हे सगळे त्या हिशेबात येते. नुसते कळवावे लागले म्हणजे गैर ठरले असे नाही. पण आकडा चुकला तर त्रास होतो.

आणि आकडा हमखास चुकतो तो तारखेपाशी. तिथे साहाय्य मिळाले असे मानतात ते हक्क निर्माण झाला त्या दिवशी. पैसे खात्यात आले तो दिवस गौण. आपल्याकडे पात्रता प्रमाणपत्र एका वर्षी, दावा पुढच्या वर्षी, मंजुरी त्यानंतर, आणि रक्कम तरतूद होईल तेव्हा. प्रमाणपत्रावर असते ती भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीत कमाल मर्यादा. वर्षाचा आकडा विक्रीवर अवलंबून. मुख्यालयातून तीन वर्षांचा तक्ता मागितला की इथला लेखा विभाग बँकेत जमा झालेल्या तारखा पाठवतो, कारण त्याच्याकडे तेवढेच पक्के असते. दहा लाख युरो आणि त्यावरच्या रकमांचा तपशील त्या अर्जात मागितला जातो; ढोबळमानाने दहा कोटी रुपये. मोठ्या प्रकल्पाच्या एका वर्षाच्या दाव्यात तेवढी रक्कम सहज बसते. उद्योग संचालनालयाने प्रत्येक लाभार्थ्याला दरवर्षी एक पानी दाखला दिला, त्यात हक्काची तारीख, त्या वर्षाची मंजूर रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि मदतीचा प्रकार हे चार रकाने असले, तर हा घोळ बराचसा मिटेल. याला कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते.

अमेरिकेचा अनुभव तर जुना आहे. भारतातून जाणाऱ्या पीईटी फिल्मवर (प्लास्टिकची पातळ फिल्म) तिथे २००२ पासून प्रतिपूरक शुल्क, म्हणजे अनुदानाचा फायदा भरून काढणारे आयातशुल्क, आहे, आणि त्या चौकशांत महाराष्ट्राच्या प्रोत्साहन योजनाही तपासल्या गेल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक कराराचा अनुच्छेद २.२ सांगतो, की देणाऱ्या सरकारच्या हद्दीतल्या ठरावीक प्रदेशापुरती मर्यादित मदत ‘विशिष्ट’, म्हणजे अशा कारवाईच्या कक्षेत येणारी, ठरते. आपली अ, ब, क, ड वर्गवारी थेट त्यात सापडते. म्हणून वर्गवारी सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण मदतीला निर्यातीची किंवा स्थानिक सुटे भाग वापरण्याची अट कधीही जोडू नये. अनुच्छेद ३ प्रमाणे ती सरळ निषिद्ध अनुदाने होतात.

उलट दिशेची बाजू थोडक्यात. स्वतःच्या देशाच्या सरकारच्या पैशावर पोसलेला परदेशी गट पुण्यातली ३०० कोटी उलाढालीची सुट्या भागांची कंपनी घ्यायला आला, तर त्याला कोण विचारते? या क्षेत्रात १०० टक्के परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारी पूर्वपरवानगीविना, होते. भारतातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असलेल्या कंपनीची खरेदी स्पर्धा आयोगाकडे न्यावी लागत नाही. सप्टेंबर २०२४ पासूनची व्यवहारमूल्याची चाळणी २,००० कोटींच्या वर सुरू होते. परकीय गुंतवणुकीबाबतची केंद्राची एप्रिल २०२० ची प्रेस नोट ३ पाहते ते गुंतवणूकदार शेजारी देशाचा आहे का एवढेच. त्याच्या पाठीशी सरकारी हमीचे स्वस्त कर्ज आहे का हे नाही. राज्याला परकीय गुंतवणूक अडवण्याचा अधिकार नाही आणि आम्ही तो मागतही नाही. पण प्रोत्साहन मागायला तो गट राज्याच्या ‘मैत्री’ या गुंतवणूक साहाय्य कक्षाकडे येतो तेव्हा, मागच्या तीन वर्षांत गटाला कोणत्या सरकारकडून किती अनुदान, हमी किंवा सवलतीचे कर्ज मिळाले, हा एक रकाना अर्जात असायला काय हरकत आहे?

आता मुख्य मागणी. स्पर्धा कायद्याचे कलम ४९(१) राज्य सरकारला एखादे धोरण आखताना त्याचा स्पर्धेवर काय परिणाम होईल यावर आयोगाचे मत मागण्याची मुभा देते; राज्यांना ही वाट २००७ च्या दुरुस्तीने मिळाली. आयोगाने ६० दिवसांत मत द्यायचे असते आणि ते शासनावर बंधनकारक नसते. पाठवायच्या टिपणात या गोष्टी हव्यात : नेमके उत्पादन कोणते, तेच उत्पादन राज्यात आज किती कारखाने करतात, त्यांतले किती पात्रता प्रमाणपत्राविना आहेत, मदत एकरकमी की विक्रीमागे, किती वर्षे, कमाल मर्यादा किती, आणि मदतीशिवाय प्रकल्प आला असता का. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तोच सहसा विचारला जात नाही.

‘साठ दिवसांत प्रकल्प शेजारच्या राज्यात जाईल’ असा आक्षेप येणार. २०२२ मध्ये तळेगावसाठी बोलणी चाललेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हापासून मंत्रालयात ही धास्ती आहे. ती खोटी नाही. पण जमिनीचा ताबा, प्रदूषण मंडळाची संमती आणि वीजजोडणी यांनाही महिने लागतातच. अभिप्राय त्यांच्या बरोबरीने मागवता येतो. गुपिते फुटतील ही कंपन्यांची भीतीही कलम ५७ पाहून कमी व्हावी. उपक्रमाची माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय उघड करण्यावर तिथे मर्यादा आहे. मंजूर रकमा मात्र उघड्याच हव्यात. युरोपात एक लाख युरोंवरची मदत लाभार्थ्याच्या नावासह प्रसिद्ध होते.

प्रत्येक प्रकल्प दिल्लीला पाठवा असे आमचे म्हणणे नाही. पहिला संदर्भ कुठल्याच कंपनीच्या नावाने नको. औद्योगिक प्रोत्साहन अनुदान एकूण एसजीएसटीवर मोजावे की निव्वळ, आणि वर्षागणिक ते उतरते असावे का, एवढे दोनच प्रश्न आपल्या खात्याने कलम ४९ खाली आयोगाला विचारावेत.

आपले,
पुण्यात स्पर्धा कायदा, परकीय गुंतवणूक आणि प्रोत्साहन योजनांची कामे करणारे काही सनदी लेखापाल, कंपनी सचिव व वकील