पोरीला कोणतं पुस्तक घ्यावं?

लातूर

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दुसरीतली लेक चौथीचं पाठ्यपुस्तक घडाघडा वाचते, म्हणून तिला जाडजूड गोष्टींचा संच घ्यायचा तुझा बेत आहे. कौतुक आहेच गड्या, पण पैसे टाकायच्या आधी थोडं थांब. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं एकदा बसली की मराठी पोर समोर येईल ते म्हणून दाखवतं, अगदी वीजबिलाच्या मागचा मजकूरसुद्धा. अडखळत नाही म्हणजे कळतंय, असं नाही.

एक पान झालं की पुस्तक मिट आणि सहज विचार, "काय झालं गं?" पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी परत आली तर नुसतं पाठ झालंय. "म्हातारी लई वस्ताद होती, वाघालाच फसवलं तिनं," असं मधलं गाळून, हातवारे करत सांगितलं तर पुस्तक तिच्या मापाचं. हे दर पानाला मात्र करू नको, नाहीतर पुस्तक दिसलं की पळेल.

पाच बोटांची एक रीत सांगतात. पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाची मिटली तर पुस्तक अवघड. इंग्रजीत ते चालतं, कारण तिथं अनोळखी शब्दाचा उच्चारच पोरांना अडवतो. आपल्याकडे पोरं उच्चार करून पुढं निघून जातात. म्हणून तू अर्थ न सांगता आलेले शब्द मोज. आणि पाच भरले तरी पुस्तक परत करू नको, तू वाचून दाखव. या वयात स्वतः वाचून कळतं त्याच्यापेक्षा ऐकून पुष्कळ जास्त कळतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्यातल्या गोष्टी आत्ता तिला ऐकव, हातात द्यायची घाई नको.

आता आमच्या पोराचं सांगतो. समुद्रावरचं एक अगदी सोपं पुस्तक आणलं होतं, पानाला दोन ओळी. भरती, ओहोटी, शिंपले सगळं वाचलं आणि ठेवून दिलं. एक प्रश्न नाही. त्यानं बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा धरण! मग शेतावरचं एक आणलं, त्यात वाक्यं लांबलचक. दुसऱ्याच पानावर मला थांबवून म्हणाला, "आपल्या येळवशीला असंच की! कोपीत बसून आंबील प्यायलो की आपण!" येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची कोप बांधतो ना आपण, तेच त्याला आठवलं. मग कोप कशी बांधतात, कडबा कुठून आणतात, पुस्तक बाजूलाच राहिलं. ओळखीचं असलं की अवघड वाक्यसुद्धा पोर ओढून नेतं. समुद्राचं द्यायचंच नाही असं नाही, आधी चार गप्पा मारून, चित्रं दाखवून द्यायचं. तसंच घरी "काय करायलास" बोलणाऱ्या पोरांना पानोपानी 'परंतु' आणि 'तथापि' भेटले की ती कंटाळणारच.

कव्हरवरच्या '६ ते ८ वर्षे' या आकड्यावर फार जाऊ नको. एकाच वर्गातली दोन पोरं सारखी वाचत नाहीत. त्यापेक्षा 'प्रथम बुक्स' हे प्रकाशन पोरांच्या पुस्तकांना चार पातळ्या देतं, त्या कामाच्या. पहिलीत शब्द थोडे आणि तेच तेच परत येणारे, चौथी स्वतःहून सराईत वाचणाऱ्यांसाठी. त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. आधी तिथं चाचपून बघ, मग विकत घे.

संच तर घेऊच नको. त्यातलं निम्मं कपाटातच राहतं. सुटी पुस्तकं घे आणि त्यातली एक-दोन तिलाच निवडू दे. तिनं पुढ्यात चित्रांचं, बाळबोध पुस्तक ओढलं तरी "एवढ्या पैशात सोळाच पानं?" असं म्हणू नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पोराची वाचून झालेली पिशवीभर पुस्तकं घरात पडून आहेत. पोळ्याला परभणीला येतोय, तेव्हा आणतो. कोणत्या पातळीची आणू, ते तिच्याकडून एखादं पान वाचून घेऊन कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता