फळझाडांनाही कांदेबाग हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलैचा पहिला आठवडा आला की आपल्या जिल्हा पानावर वृक्षारोपणाच्या बातम्यांची रीघ लागते. झाडं लावायला माझा विरोध असण्याचं कारणच नाही, मी स्वतः लिंबाची बाग करते. माझं म्हणणं वेळेविषयी आहे. खान्देशात ज्याच्याकडे रोपाला पाणी घालायची सोय आहे, त्याने लिंबू, मोसंबी, पेरू, आवळा ही झाडं जुलैच्या घाईत न लावता गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत लावावीत. आणि गावाच्या नावाने जी फळझाडं लागतात, ती 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या दिवशी लागावीत.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी गोष्ट नाही. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीवाल्यांना विचारा. जून-जुलैत लागते ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागते ती कांदेबाग. आपल्या भागात केळीचे दोन हंगाम पिढ्यान् पिढ्या चालत आलेत आणि कांदेबागेला कोणी उशिराची लागवड म्हणत नाही. शहाद्याकडचे पपईवालेही सांगतील की बुंध्याशी पाणी साचलं की पपई हातची गेली. मग लिंबू-पेरूच्या रोपालाच भर पावसात, चिखलात उभं करायचा आग्रह कशासाठी?

वनमहोत्सव 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा ठरून गेला. आपल्या राज्यात 2016 च्या 1 जुलैला दोन कोटी झाडांचं लक्ष्य होतं, पुढे 4 कोटी, 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी. कोकणात तोवर महिनाभर पाऊस झालेला असतो. आपल्याकडे त्या आठवड्यात काय चाललेलं असतं, ते कोणत्याही वावरात जाऊन बघावं. कुठे पेरणी चालू असते, कुठे दुबार पेरणीचं संकट असतं, कपाशी दोन-चार पानांवर असते आणि निंदणीला माणूस मिळत नाही. अशा वेळी लावलेल्या रोपाकडे वळून बघायला कोणाला सवड आहे? रोप लागतं, फोटो निघतो, मग तण त्याच्या डोक्यावरून जातं. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली तर पाऊसकाळ आहे म्हणून पाणी कोणी घालत नाही आणि रोप भर पावसाळ्यात तहानेने मरतं. आमच्या गावच्या नदीकाठी एका संस्थेने अशीच लागवड केली होती. दिवाळीला तिथे गाजरगवत कमरेएवढं होतं. रोपं शोधायला गेलेल्या मुलांना बांबूच्या काठ्या सापडल्या, रोपं नाही.

काळ्या जमिनीची अडचण तर वेगळीच. तापी, गिरणा, बोरीच्या काठची आपली भारी काळी माती पाणी धरते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण त्याच मातीत उन्हाळ्यात दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन तो भुसभुशीत मातीने भरला, की पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला हौद होतो. आजूबाजूचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. मुळांना हवा मिळत नाही. लिंबूवर्गीय रोपाला मूळकूज आणि बुंध्यातून डिंक गळणारा डिंक्या हे रोग याच ओलीत लागतात. पानं पिवळी पडली की लोक म्हणतात खत कमी पडलं, आणि वर आणखी युरिया टाकतात.

माझ्या सासूबाई अहिराणीत एवढंच म्हणायच्या, ‘पोळा जाऊ दे, मंग लाव.’ त्यांनी कारण कधी सांगितलं नाही, पण ते आता मला रोज दिसतं. पोळ्यानंतर मूग-उडीद निघालेला असतो. कपाशीची वेचणी दसऱ्याच्या आसपास जोर धरते. या दोन्हींच्या मधे हात थोडे मोकळे असतात. जमीन खोलवर भिजलेली असते, वाफसा येतो, माती हातात घेतली तर चिकटत नाही आणि धूळही होत नाही. ऊब अजून जमिनीत असते. वर पान फुटण्याची घाई नसली तरी खाली मूळ चालू राहतं. थंड मुलखात सफरचंद, नासपती, बेरीची झुडपं पानगळीनंतर लावतात त्यामागेही हाच विचार आहे, वर झाड झोपलेलं आणि खाली माती अजून उबदार. आपल्याकडे झाड झोपत नाही, पण पावसाचा मारा संपलेला असतो आणि डिसेंबरची थंडी यायला अवकाश असतो. तेवढ्या दिवसांत मूळ मातीत शिरलं, की पुढचा वैशाख झाडाला सोसतो. भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, त्या उन्हात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जे झाड हिरवं दिसेल ते जगलं म्हणायचं.

एक आठवडा मात्र सांभाळावा लागतो. पाऊस उघडल्यावर जे ऑक्टोबरचं ऊन पडतं ते कोवळ्या रोपाला फार लागतं. त्यासाठी नैर्ऋत्य बाजूला बाजरीच्या सरमाडाचा, म्हणजे वाळक्या ताटांचा, आडोसा उभा करावा. तिसऱ्या प्रहरचं ऊन त्याने अडतं. बाजरी तेव्हा निघतच असते, बाहेरून काही आणावं लागत नाही.

लागवडीचं जरा सविस्तर लिहिते, कारण झाडं इथेच मरतात. पिशवी खेचून काढू नये, ब्लेडने उभी चिरावी, म्हणजे मुळांभोवतीची मातीची हुंडी, तो गोळा, फुटत नाही. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं असेल तर ते कात्रीने कापावं. कापताना जीव वर-खाली होतो, पण ते वेटोळं तसंच ठेवलं तर मूळ आयुष्यभर गोलच फिरत राहतं आणि चार वर्षांचं झाड वादळात सहज उपटून येतं. भारी जमिनीत हुंडी जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटं उंच बसवावी आणि माती बुंध्यापासून बाहेर उतरती करावी. मोसंबी असेल तर डोळा भरलेला, म्हणजे खुंटावर मोसंबीची कळी बांधलेला, जोड मातीपासून चांगला वीतभर वर राहिला पाहिजे, आणि जोडाच्या खाली खुंटावर फुटणारे कोंब लगेच मोडावेत. नाहीतर मोसंबी मरते आणि खालचा खुंट, म्हणजे जंबेरी, वाढते, शेतकरी चार वर्षांनी फळाची वाट बघत बसतो. पाण्याला दुहेरी आळं करावं. आतलं आळं बुंध्याभोवती कोरडं आणि बाहेरच्या आळ्यात पाणी. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, अर्धं कच्चं टाकलं की हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. सोबत निंबोळी पेंड टाकावी.

आणि आच्छादन. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी जमीन तडकते, भेगा अशा पडतात की हात आत जातो. त्या भेगा कोवळी मुळं तटातट तोडतात. वरून पाणी घालून उपयोग नाही, पाणी भेगेतून खाली निघून जातं. मूग-उडदाचा भुसा, केळीची वाळलेली पानं, उसाचं पाचट, जे असेल ते बुंध्यापासून थोडं दूर, जाड थरात अंथरावं. ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांनी बुडाला भोक पाडलेलं मडकं, भोकात कापडाची वात घालून, रोपाशेजारी पुरावं. मडकं एकदा भरलं की ते हळूहळू पाझरतं. शाळेच्या आवारात तर मला हेच सगळ्यात सोयीचं वाटतं, मुलांना नेमून देता येतं.

सगळ्याच झाडांना ही वेळ लागू नाही, हे स्पष्ट सांगते. आंब्याची कोय आणि जांभळाची बी ताजी असतानाच, जून-जुलैत पडली पाहिजे, ठेवली की ती रुजत नाही. ज्या माळरानावर पाण्याचा थेंब नेता येत नाही, तिथे पहिल्या पावसाशिवाय मार्ग नाही. आपल्या मेहरूणच्या बोराचंही वेगळं आहे. त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि हलवलं की दुखावतं, म्हणून जंगली बोराची बी जागेवरच लावावी आणि खुंट तयार झाला की पावसाळ्यात त्यावर मेहरूणचा डोळा भरावा. हे बोर जळगावचं आहे आणि आज बाजारात त्याच्या जागी सफरचंदाएवढी, पाणचट बोरं दिसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एखाद्या शाळेने बांधावर मेहरूणची चार झाडं जरी केली तरी डोळे काढायला गावाला मातृवृक्ष मिळेल.

बांधाविषयी बोलायचं तर सिमेंटचे खांब आणि काटेरी तार यावर एवढा पैसा ओतण्याआधी करवंदाचा विचार व्हावा. करवंदाची जाळी दाट झाली की शेळी आत शिरत नाही, एकदा रुजली की पाणी मागत नाही आणि मे महिन्यात फळ देते. लोणच्याला कच्ची, खायला पिकलेली. करवंदाची वर्षभराची रोपं पाऊस ओसरल्यावर बांधावर हातभर अंतराने लावली तर पुढचा उन्हाळा बहुतेक रोपं काढतात. फालसाही आपल्या हवेत छान येतो. थंडीत छाटला की नव्या फुटीवर उन्हाळ्यात फळ येतं, आणि त्याच्या सरबताची बाटलीतल्या रंगीत पाण्याशी बरोबरी होणार नाही. तुतीची तर नुसती काडी खोचली तरी फुटते. ही झुडपं अंगणवाडीच्या कुंपणाला असावीत असं मला फार वाटतं. लहान मुलांच्या हाताला पोहोचेल एवढ्या उंचीवर फळ देणारी झाडं अशी किती आहेत?

आता 2 ऑक्टोबरविषयी. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा असते. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, बचत गटाच्या बाया, सगळे एका जागी असतात आणि शाळेत गांधी जयंतीमुळे मुलंही असतात. ठराव करायचा, रोपं वाटायची, आणि प्रत्येक रोपापुढे ते सांभाळणाऱ्या घराचं नाव त्याच ठरावाच्या वहीत लिहायचं. पुढची ग्रामसभा 26 जानेवारीला, तिसरी 1 मे ला. या दोन्ही सभांत वही उघडून कोणतं झाड आहे, कोणतं नाही, एवढं वाचून दाखवायचं. 1 मे म्हणजे ऐन उन्हाळा, खरी परीक्षा तेव्हाच. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत शेतकऱ्याला अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं आणि दुसऱ्या वर्षी बागायतीत 90 टक्के, कोरडवाहूत 80 टक्के झाडं जिवंत असावी लागतात. ही अट मला रास्त वाटते. शेतकऱ्याला जिवंत झाड दाखवावं लागतं, तर गावाच्या आणि संस्थांच्या लागवडीलाही तोच नियम का नसावा?

पितृपक्षात नवं काम नको म्हणणारी वडीलधारी माणसं असतात, त्यांचा मान राखून घटस्थापनेपासून सुरुवात करावी. नाहीतरी भाद्रपद पौर्णिमेला आमच्याकडे मुली गुलाबाई बसवतात आणि कोजागरीला ती उठते, तो महिना लागवडीला उत्तम आहे. मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणायला घरोघरी जातातच. ज्या घरी गुलाबाई, त्या घरच्या परसात एक लिंबू, असा रिवाज कोणी पाडला तर मला आनंद होईल.

एकच गोष्ट आडवी येते आणि त्यासाठीच हे पत्र मुख्यतः लिहिते आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगली रोपं मिळत नाहीत. जुलैत रोपवाटिका रिकाम्या होतात आणि मागे उरतात ती लहान पिशवीत अडकून खुंटलेली, मुळं बाहेर आलेली रोपं, जी कोणी नेली नाहीत. मागच्या वर्षी मला एका ठिकाणी अशीच रोपं ‘ताजी’ म्हणून दाखवली गेली. पिशवी उलटी केल्यावर खालून मूळ बोटाएवढं जाड बाहेर आलेलं होतं. कृषी विभागाच्या तालुका फळरोपवाटिकांनी, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी आणि खासगी रोपवाटिकावाल्यांनी थोडी रोपं मुद्दाम मोठ्या पिशवीत बदलून ऑक्टोबरसाठी राखून ठेवावीत. शेतकऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी मे महिन्यातच त्यांची मागणी लेखी नोंदवावी, म्हणजे रोपवाटिकेलाही भरवसा राहील. आपल्या वृत्तपत्राने गणपतीच्या आधी तालुकावार कोणत्या रोपवाटिकेत कोणती फळझाडं, कोणत्या जातीची आणि किती शिल्लक आहेत, याची यादी छापली, तर आमच्यासारख्यांची पायपीट वाचेल. यादीत करवंद, फालसा आणि मेहरूण बोराचा रकाना अवश्य ठेवावा.

आपली,
एक शेतकरी वाचक,
अमळनेर तालुका, जि. जळगाव