प्रकल्पासाठी गोल्फचा पटर का नको?

महोदय,

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प दुकानातून तयार विकत घेतले जातात, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून वारंवार होते. ती रास्तच आहे. परंतु विषयही असे दिले जातात की विकत घेण्यावाचून मुलांना दुसरे काही सुचू नये. हिंगणा एमआयडीसीतील टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मी एक विषय सुचवतो : एखाद्या खेळाडूच्या मापाचा गोल्फचा पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू भोकाकडे घरंगळत नेण्याची काठी, आराखड्यापासून पॉलिशपर्यंत स्वतः घडवणे.

हा साहेबांचा खेळ, आपल्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. खेळ साहेबांचा असेलही, पण मिलिंग मशीनला ते ठाऊक नसते. जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंता कार्स्टन सॉल्हाइम यांनी स्वतःचे पटिंग जमेना म्हणून 1959 साली घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला आणि त्यातूनच पुढे पिंग ही कंपनी उभी राहिली. हेडचे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या धातूच्या डोक्याचे, वजन मध्यभागी न ठेवता हील (दांड्याकडचे टोक) आणि टो (पलीकडचे टोक) या दोन टोकांकडे नेले, तर चेंडू मधोमध न लागताही हेड हातात फारसे वळत नाही, हे त्यांच्या रचनेचे मर्म होते. मोमेंट ऑफ इनर्शियाचे, म्हणजे वस्तू वळण्याला किती विरोध करते याचे, जे सूत्र मुले परीक्षेपुरते पाठ करतात, ते इथे मनगटाला कळते.

कामाची सुरुवात संगणकावर नव्हे, खेळाडूसमोर होते. तो नेहमीसारखा वाकून उभा राहिला की हात जमिनीपासून किती उंचीवर येतात, यावरून लांबी ठरते. ती बहुधा 33 ते 35 इंच भरते. शाफ्ट (दांडा) आणि जमीन यांमधला कोन, म्हणजे लाय, 70 अंशांच्या आसपास असतो. तो चुकला तर हेडचे एक टोक हवेत राहते. फेसला, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या बाजूला, 3 ते 4 अंशांचा लॉफ्ट (मागे कललेला उतार) द्यावा लागतो, कारण चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतलेला असतो आणि त्या खळग्यातून अलगद निघाला तरच तो नीट घरंगळतो. पटर बोटावर आडवा तोलून धरला असता टो खाली झुकतो की फेस आकाशाकडे राहतो, हेही खेळाडूचा फटका कमानीत जातो की सरळ रेषेत, हे पाहून ठरवायचे असते.

मग धातू. साध्या पोलादाचा 110 बाय 30 बाय 25 मिलिमीटरचा ठोकळा सुमारे 650 ग्रॅम भरतो आणि हेड हवे असते साधारण 350 ग्रॅमचे. म्हणजे जवळपास निम्मा माल चिपा होऊन खाली पडतो, आणि तो नेमका कुठून काढायचा यातच सारे डिझाइन आहे. स्टेनलेसच घ्यायचे तर 304 ऐवजी 303 या प्रतीचे घ्यावे, त्यातील गंधकामुळे ते कटरला सुखाने कापू देते. फेसवर शेवटी फ्लाय कटरचा (एकाच पात्याच्या फिरत्या कटरचा) हात फिरवला की येणारी बारीक नक्षी शोभेपुरती नसते. ती खोल असेल तर फटक्याचा आवाज मऊ होतो. शाफ्ट आणि ग्रिप तयार आणून एपॉक्सीने बसवावीत, त्यात कमीपणा नाही.

या विषयाला गोल्फच्या नियमांची चौकटही आयती मिळते. पटर 18 इंचांहून आखूड नको, लॉफ्ट 10 अंशांहून जास्त नको, शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कललेला हवा आणि हेडची हील ते टो रुंदी त्याच्या पुढून मागेपर्यंतच्या खोलीपेक्षा अधिक हवी. खऱ्या ग्राहकाची मागणी आणि खरे निर्बंध एकाच वेळी सांभाळणे, हे कारखान्यात पहिल्या दिवसापासून करावे लागते.

अडचण एकच आहे. एका नगासाठी सेटिंग बांधायला बाहेरचे वर्कशॉप सहसा तयार होत नाही, आणि त्यांचेही चूक नाही. म्हणून ज्या महाविद्यालयांत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन, आहे, त्यांनी ती प्रात्यक्षिकांनंतरच्या वेळात या मुलांना द्यावी. विद्यापीठानेही तोंडी परीक्षेत हेड वजनकाट्यावर ठेवून आराखड्यातील वजनाशी ताडून पाहण्याची आणि जो फरक निघेल त्याचे कारण विद्यार्थ्यालाच विचारण्याची सोय करावी.

– एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक, त्रिमूर्तीनगर, नागपूर