नर्सताई आणि बाजूच्या बेडवरच्या मावशी, थँक्यू

डिलिव्हरीचा तिसरा दिवस, ठाण्यातलं हॉस्पिटल, बाळ रडतंय, मी रडतेय आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतोय दूध पुरत नाही वाटतं, पावडरच्या दुधाचा डबा आणा. तेव्हा नाइट ड्युटीच्या नर्सताईंनी बाळाला माझ्या पोटाशी नीट धरलं, म्हणाल्या नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊदे, २४ तासांत ८ ते १२ वेळा पाज, जितकं ओढेल तितकं येईल. आलं की हो!

आणि मावशी, लेकीसाठी आणलेली अळिवाची खीर तुम्ही अर्धी मला दिलीत (माझी आई अजून साताऱ्याच्या एसटीत होती). नाव विचारायचंच राहिलं.

६ महिने फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नाही, त्यावरून सासूबाईंशी वाजलं ते वेगळं. परवा उष्टावण केलं, तेव्हा तुम्ही दोघी फार आठवलात.