नदी शोधली कुणी?

चि. बाळ हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आमची ही मरे नदी शोधली कुणी?" आणि लगेच तुझी मीटिंग सुरू झाली. चार्ल्स स्टर्ट, १८३०, एवढं सांगून मोकळा झालो असतो. पण चौतीस वर्षं मोजणीदार म्हणून लोकांच्या हद्दी दाखवत फिरलोय मी, मला ते उत्तर अपुरं वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो. रविवारी निवांत वाच.

आपली कृष्णा महाबळेश्वरात उगवते आणि अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. तिकडे ऑस्ट्रेलियात याच्या नेमकं उलट. १८१३ मध्ये सिडनीचे लोक ब्लू माउंटन ओलांडून गेले, तर पुढच्या नद्या किनारा सोडून आत, पश्चिमेला वाहत होत्या. हे पाणी जातं कुठं? सरकारी मोजणीदार जॉन ऑक्सली १८१७ आणि १८१८ अशी दोन वर्षं दोन नद्यांच्या काठानं गेला आणि दोन्ही वेळा दलदलीत अडकला. मग देशाच्या पोटात मोठा समुद्र असणार असं लोकांनी धरलं.

स्टर्ट हा सैन्यातला कॅप्टन. जन्म १७९५ चा, बंगालमधला, वडील कंपनी सरकारचे न्यायाधीश. १८२९ च्या फेब्रुवारीत, ऐन दुष्काळात, तो एका मोठ्या नदीवर पोहोचला. तहानलेली माणसं पाण्याला तोंड लावतात तर ते खारट! त्या नदीला त्यानं गव्हर्नरचं नाव दिलं, डार्लिंग. काठच्या बारकिंजी लोकांसाठी ती आधीपासूनच बारका होती.

त्याच वर्षाच्या शेवटी तो पुन्हा निघाला. या वेळी होडीचे सुटे भाग बैलगाड्यांवर घातले होते. मरंबिजी नदीच्या काठी ती होडी जोडली आणि ७ जानेवारी १८३० ला आठजण पाण्यात उतरले. स्टर्ट, जॉर्ज मॅक्ले, तीन शिपाई, तीन कैदी. आठवड्यानं अरुंद मरंबिजीतून होडी एकदम एका रुंद, संथ नदीत आली. तिला ब्रिटनचे वसाहतमंत्री सर जॉर्ज मरे यांचं नाव पडलं. त्या गृहस्थांनी ती नदी जन्मात पाहिली नाही.

आता २३ जानेवारीची गोष्ट. मला तुला खरं तर हीच सांगायची आहे.

पुढं काठावर सहाशेच्या आसपास माणसं भाले घेऊन उभी होती. अंगावर रंग ओढलेले, युद्धगीत चालू. होडी उथळ पाण्यातल्या वाळूच्या पट्ट्याकडे ओढली जात होती. स्टर्टनं बंदूक उचलून नेम धरला. तेवढ्यात समोरच्या काठावर चारजण धावत आले. आदल्या मुक्कामी त्यांची या होडीवाल्यांशी ओळख झाली होती. त्यातल्या एकानं उंच काठावरून उडी घेतली, पोहत वाळूवर आला, सगळ्यात पुढच्या योद्ध्याचा गळा धरला आणि त्याला मागे रेटलं. सहाशे माणसांसमोर एकटा तो. तो इतका संतापला होता की थरथरत होता. भाले खाली आले, बंदूक उडाली नाही. होडी जराशी पुढं सरकते तो उजवीकडून दुसरी नदी येऊन मिळताना दिसली. स्टर्टनं ओळखलं, ही आपली डार्लिंगच. त्याचा अंदाज बरोबर निघाला.

आज तिथं वेंटवर्थ गाव आहे. गव्हर्नरचं नाव नकाशावर आहे, मंत्र्याचं आहे. मॅक्लेच्या तांबड्या केसांवरून एका ओढ्याला रुफस नाव दिलं, तेही आहे. उडी घेणाऱ्या त्या माणसाचं नाव मात्र कुठंच नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. ९ फेब्रुवारीला ते अलेक्झांड्रिना तळ्यात पोहोचले. समुद्र समोर होता, पण मुखाशी वाळूचे दांडे असल्यानं जहाज आत येण्याची सोय नव्हती. मग आल्या वाटेनं उलट्या प्रवाहात वल्ही मारत परत फिरायचं. खायला जेमतेम पीठ. माणसं वल्ही हातात धरूनच झोपायची. उद्या कॅप्टनला सांगू, आता होत नाही, असं रात्री आपसात बोलायची आणि सकाळी पुन्हा वल्ही उचलायची. २३ मार्चला मूळ तळावर आले तर तिथं कुणी नाही. तिथूनही वरच जायचं. एकाला वेड लागलं. स्टर्टची दृष्टी काही काळ गेली. तरी आठच्या आठ जिवंत परतले आणि जाता-येता त्यांनी काठच्या एकाही माणसाचा जीव घेतला नाही. मला स्टर्टबद्दल आदर आहे तो यासाठी.

पण नकाशा झाला की वाट होते. १८३८ पासून त्याच काठानं गुरांचे कळप ॲडलेडकडे हाकले जाऊ लागले. एक कळप खुद्द स्टर्टनं नेला. गुरांमागून मेंढ्या आल्या, चराऊ रानं गेली, पाण्यावरून भांडणं पेटली. ऑगस्ट १८४१ मध्ये त्याच रुफस ओढ्यावर पोलीस आणि कळपवाल्यांनी मारौरा लोकांवर गोळीबार केला. किमान तीस माणसं मेली. संगमावरच्या त्या प्रसंगाला तेव्हा फक्त अकरा वर्षं झाली होती.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हातारीनं माझा नकाशा उलटासुलटा बघून विचारलं होतं, "साहेब, माझी विहिरीची वाट कुठाय?" वहिवाटीची वाट, सासूच्या काळापासूनची, आणि कागदावर ती नव्हतीच. मी साखळी बरोबर धरली होती, खुणा बरोबर होत्या, एक आकडा चुकला नव्हता. त्या दिवसापासून हद्दीवर गेलो की आधी तिथल्या वयस्क माणसाला विचारायचो, मग टेबल मांडायचो.

मरेच्या मुखाशी राहणारे नारिंजेरी लोक सांगतात, नुरुंदेरी नावाचा पूर्वज पोंडे या अजस्र माशाचा होडीतून पाठलाग करत आला. मासा शेपटी मारत पळाला आणि त्या फटकाऱ्यांनी नदीला वळणं पडली. शेवटी तळ्यात त्याला पकडून तुकडे केले, त्यांचे बाकीचे मासे झाले. आता तूच बघ, वरून खालपर्यंत अख्खी नदी, तिची वळणं, तळं, त्यातले मासे, सगळं त्यात आहे. हे सगळं त्यांच्या तोंडी होतं.

तेव्हा शोधली कुणी, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे: स्टर्टनं ती कागदावर आणली.

इथं पाऊस चांगला लागलाय. काल हरिपूरला जाऊन संगमावर बसलो. वारणेचं पाणी गढूळ होतं, कृष्णेचं त्याहून थोडं निराळं, आणि बराच वेळ दोन्ही शेजारी शेजारी वाहत होती. वेंटवर्थलाही दोन रंग दिसतात म्हणे. सुट्टीत जाणार आहेस ना? डार्लिंग उजवीकडून येते. वाळूचा पट्टा आता असेल-नसेल, पण काठावर जरा थांब. फोटो पाठव, मला मोठा करून बघायचाय.

आईनं मेतकूट आणि गोडा मसाला वेगळा बांधून ठेवलाय.

तुझे,
बाबा